नवरा कुठं उभा तर नाय ना?

आत्या गेल्याचा निरोप कचेरीत मिळाला तसा मी निघालो. पनवेलच्या एसटी स्टँडवर पाय ठेवला, तर समोर आत्या गात होती. तोच जाडाभरडा, थोडा नाकातला आवाज. एक ओळ संपायच्या आत दुसरीला भिडणारा. क्षणभर वाटलं, निरोप खोटा… मग ती जीप दिसली. टपावर भोंगा, बॉनेटवर झेंडे, बाजूला शेठचा हात जोडलेला फोटो. आत्याचं प्रेत गावी रोडपालीला घरात माझ्यासाठी थांबवून ठेवलेलं, आणि तिचा आवाज इथे मत मागत फिरत होता. हा लेख मी शांतपणे लिहावा असं संपादकांनी सुचवलं आहे. मला ते जमणार नाही.

सोनाबाय आत्या आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या आगरी समाजात लग्न लावायला पूर्वी भटजी नसायचा. धवलारीण असायची. ती धवले गाते आणि त्या गाण्यावर लग्न लागतं. हळद, पाट, मुंडावळ्या, प्रत्येकाचं गाणं वेगळं. पण कुठलाही धवला सुरू करण्याआधी ती एकच प्रश्न विचारणार, "नवऱ्याचा नाव काय?" बिननावाचा धवला गायचा नाही, तो अपशकुन. आणि एकदा तिच्या तोंडून नाव गेलं की तो सोयरा झाला. मग कुणी मागे फिरायचं नाही. माझ्या लहानपणी एका लग्नात मांडवातच भांडण पेटलं, दोन्हीकडचे बाप्ये एकमेकांच्या अंगावर धावले. आत्या जागची उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "नाव घेतलाय मी. आता मारामारी करा नायतर जेवायला बसा, पोरगी त्याचीच." सगळे जेवायला बसले!

मी आमच्या गावातला पहिला बी.ए. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मिठागरात पाय सोलून निघालेल्या माणसांच्या घरातून मी कॉलेजात गेलो. आत्या मला नावाने हाक मारीतच नसे. "आमचा बीये आला," असं ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची आणि वर विचारायची, "काय रे बीये, तुझ्या बुकात लगीन लावायचा शिकवतात का?" नाही म्हटलं की खूश.

जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक आली, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मुंबईत होतो. आमच्या बाजूने एक शाळामास्तर उभा राहिला होता. खाडीचा बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलेलं, तो बांध पुन्हा घालायचा, एवढंच त्याचं मागणं. समोर शेठ. त्याची मिठागरं, त्यामुळे खारं पाणी आत आलं तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं. या शेठला आमच्याकडे कुणी नावाने ओळखत नसे. मीठशेठ, बस. निवडणुकीच्या काही महिने आधी गावात एक मोठी बंद गाडी आली. एका परक्या देशाच्या प्रचार कचेरीची. पांढरा पडदा लावून फुकट चित्रं दाखवायची, ट्रॅक्टरची, दुधाच्या भुकटीची, हसऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांची. गाडीबरोबर एक गोरा पाहुणा होता आणि फिरत्या चकत्यांचं आवाज धरून ठेवणारं यंत्र. आणि त्याला वाट दाखवायला कोण? तर मीठशेठचा दिवाणजी.

पुढचं आत्याने मला सांगितलं, एकदा नव्हे, अनेकदा. ते लोक तिच्या ओटीवर आले. दिवाणजी म्हणाला, "बाई, साहेबांना तुमची गाणी फार आवडतात. एक लग्नाचं होऊ द्या." आत्याने विचारलं, "नवऱ्याचा नाव काय?" दिवाणजी हसला. "नवरा नाही हो इथे, नुसतं गा." आत्या म्हणाली, "नाव नाय तं गाना नाय." तेव्हा दिवाणजीने जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरं, वसंत म्हणा." आत्या गायली. वसंत उभा राहिलाय दारी, त्याला हात लावा गं नारी… नवरा पाटावर उभा राहतो, त्या वेळचा तो धवला. गोऱ्या पाहुण्याने टाळ्या वाजवल्या, तिचा फोटो घेतला. त्याला आतला कावा ठाऊक होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण गाडी त्याची होती आणि यंत्रही त्याचंच.

मग भित्तिपत्रकं लागली आणि आमच्या लोकांना मीठशेठचं नाव पहिल्यांदा कळलं. वसंतशेठ. भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरू लागली आणि तिच्यातून आत्या सांगू लागली, वसंत उभा राहिलाय दारी, त्याला हात लावा गं नारी! पनवेलच्या साप्ताहिकाने तिचा फोटो छापला, वर मोठ्या अक्षरांत 'धवलारणीचा कौल'. त्याच पानावर मास्तरविषयी बातमी होती की त्याला परक्या देशातून पैसा येतो, असे समजते. समजते! कुणाला समजते? कुणाकडून समजते? मराठी वर्तमानपत्रातल्या या एका शब्दाने जितके गळे कापले असतील तितके कोयत्याने कापले नसतील. आणि शेठ? त्याने शिरढोणला, जिथला माणूस गोऱ्या सरकारशी एकटा भिडला त्या गावात, हार घालून भाषण केलं, "परक्यांच्या हस्तकांना ओळखा!" मागे तीच परक्यांची गाडी उभी होती. तिचा पडदा भाषणानंतर उघडायचा होता.

मी धावत गावी आलो आणि साप्ताहिकाच्या छापखान्यात गेलो. संपादक चहा पीत होते. म्हणाले, "अहो, तो 'कौल' म्हणजे बातमी नाही. खाली 'जाहिरात' असं छापलंय की." छापलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी म्हटलं, "आमच्या बायकांना वाचता येत नाही." ते म्हणाले, "मग त्यांनी आमचा अंक वाचलाच नाही. फसल्या कशा?" वर हसून समजूत घातली, "तरुण आहात. मतदाराला अक्कल असते. त्याचा हात धरून कुणी शिक्का मारत नाही." मी खुलासा लिहून दिला, तो आला नाही. पुढच्या अंकात आलं ते हे, की धवलारणीला फितवायला मास्तरच्या माणसांनी मुंबईहून एक विद्यार्थी आणला आहे, असे समजते.

आत्या स्वतः दारोदार फिरली. पण एक बाई चालत किती घरं फिरेल आणि तिचाच आवाज जीपमधून किती फिरेल? मास्तर पडला. निकालानंतर विहिरीवर जानकाकीने, आत्याच्या जन्माच्या मैत्रिणीने, तिला तोंडावर सुनावलं, "तूच सांगलास ना? तुझ्या तोंडचा नाव, आमी कसा मोडायचा?"

"मी नवऱ्याचा नाव घेतला गं जाने, मताचा नाय."

"आमाला काय म्हाईत? आवाज तुझाच हाय ना?"

आत्या घागर उचलून घरी आली. जानकाकीला उत्तर मी इथे देणार आहे. अडाणी मतदार, विकाऊ मतदार, असं शहरातली शहाणी माणसं म्हणतात, ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या बायका मूर्ख नव्हत्या. ज्या आवाजाने त्यांची स्वतःची लग्नं लावली, ज्याने त्यांना कधी फसवलं नाही, त्या आवाजावर त्यांनी विश्वास ठेवला. यात अक्कल कमी कुठे पडली? चोरी अकलेची झाली नाही, विश्वासाची झाली. मतपेटीला कुलूप होतं, पोलीस होता, लाख लावलेली होती. आवाजाला कुलूप कोण लावणार? हात धरून शिक्का मारला नाही हे खरं. हात धरावा लागला नाही, एवढी बेमालूम व्यवस्था होती. याला तुम्ही प्रचार म्हणा. मी दरोडा म्हणतो.

त्यानंतर आत्या गात राहिली, पण बदलली. लग्नघरात भोंगा दिसला की उंबऱ्यातच उभी राहायची, "हा खाली उतरवा, मंग मी आत येन." आणि नाव विचारून झालं की आणखी एक प्रश्न, "नवरा कुठं उभा तर नाय ना?" मांडव हसून लोळायचा. ती हसत नसे. कुणी उत्तर देईपर्यंत तोंड उघडत नसे.

ती गेली तेव्हा पुन्हा निवडणूक आली होती आणि शेठने तीच जुनी टेप बाहेर काढली होती. तिच्या अंत्ययात्रेची तयारी चालू असताना पनवेलला दिसलेली ती जीप रोडपालीत शिरली. दारात प्रेत, बायका रडताहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी आत्याचा आवाज, वसंत उभा राहिलाय दारी… रडणं एकदम थांबलं. मी उठायच्या आत जानकाकी उठली. पदर खोचून जीपसमोर जाऊन उभी राहिली.

"बंद कर."

ड्रायव्हर गांगरला. "काकी, टेप हाय ती."

"मना म्हाईत हाय काय हाय ती. ती बाय आत मरून पडलीय आन तू तिच्याकडशी लगीन लावतंस? बंद कर, नायतर चाक घाल माझ्या अंगावरशी."

टेप बंद झाली. जीप मागे मागे जात हमरस्त्याला लागली आणि तिथे पोचल्यावर पुन्हा सुरू झाली. आम्हाला ते ऐकू येत होतं. शेठ या खेपेलाही निवडून आला. बांध अजून फुटलेलाच आहे. साप्ताहिकात आत्याच्या निधनाची दोन ओळींची बातमी आली, तीत तिचं नाव चुकलं होतं.

परवा जासईला एका लग्नाला गेलो होतो. धवले गायला गुणाबाय होती, आत्याच्या मागे बसून बसून शिकलेली. मांडववाल्याने मोठ्या हौसेने तिच्यापुढे माईक आणून ठेवला. गुणाबायने तो उलट्या हाताने बाजूला सारला, अगदी आत्याने सारला असता तसा. मग विचारलं, "नवऱ्याचा नाव काय?" नाव सांगितलं. "कुठं उभा तर नाय ना?" हशा पिकला. नवऱ्याचा बाप म्हणाला, "पाटावर उभा हाय गो बाय, आनखी कुठं नाय." तेव्हा तिने सूर लावला. माईकशिवाय तो आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला आणि तिथे संपला. रस्त्यावर कुणाला ऐकू आला नसेल. मांडवातल्या प्रत्येकाला मात्र दिसत होतं, कोण गातंय आणि कुणासाठी.