जहाजं बंद झाली तर

न्यूझीलंड नावाच्या देशाच्या पोटापाण्याची जबाबदारी काही वर्षं एकट्या माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी उचलली होती, आणि ही गोष्ट त्या देशाला शेवटपर्यंत कळली नाही. अहो, खरंच सांगते. पुण्यात टेलिफोन खात्यात जन्म घालवलेला माणूस, चौथ्या मजल्यावर राहिलेला. गॅलरीतली तुळससुद्धा त्यांच्या हातून कधी धड जगली नाही. दोन हजार सालानंतर कधीतरी ते ऑकलंडच्या टोकाला टाकानिनीत मुलाच्या नव्याकोऱ्या घरी कायमचे राहायला आले. एक दिवस नातवाच्या खोलीतला जगाचा नकाशा त्यांनी नीट बघितला. आपण किती कोपऱ्यात येऊन पडलोय आणि देश केवढासा आहे, हे दिसल्यावर त्यांना जी काळजी लागली ती कायमची. "जहाजं बंद झाली तर ही माणसं खाणार काय?" हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा मला विचारला. मी तेव्हा चहा गाळत होते. मी म्हटलं, काका, इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत, कोणी उपाशी मरत नाही. तर म्हणाले, "दूध आणि कोकरं! नुसत्या दुधावर बाळ राहतं, देश नाही राहत."

त्यांना कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, ब्रेड आणायला पाठवायची सोय उरली नाही. दुकानातली एकेक पुडी उलटी करून ती कुठून आली ते वाचायचे. लसूण चीनचा, चिंच थायलंडची, हरभरा ऑस्ट्रेलियाचा. मग गल्ल्यावरच्या गुजराती मालकाला गाठून, उद्या ऑस्ट्रेलिया रुसला तर तुम्ही काय विकणार, असं काळजीनं विचारायचे. तो बिचारा सुरुवातीला हसायचा. पुढे पुढे हे दारात दिसले की तो मागच्या खोलीत जायचा आणि बायकोला गल्ल्यावर बसवायचा. ब्रेड आणायचा राहून जायचा तो जायचाच.

पण त्यांचा खरा राग होता गवतावर. दर शनिवारी अख्खी गल्ली मशीन ढकलत गवत कापते आणि कापलेलं गवत फेकून देते, हे बघून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. गाय नाही तर गवत कशाला, हा त्यांचा सवाल, आणि खरं सांगू, मला आजतागायत त्याचं उत्तर सापडलेलं नाही. मुलानं समजावलं, बाबा, नव्या वस्तीचा नियम आहे, घरापुढे लॉन हवंच. मग त्यांनी मागच्या अंगणापासून सुरुवात केली. मुलगा सकाळी ईस्ट टामाकीला कामावर गेला की हे कुदळ काढायचे. मेथी, कोथिंबीर, मुळा करत करत त्यांची शेती घराला वळसा घालून हळूहळू पुढे सरकली, आणि एके दिवशी पत्रपेटीच्या खांबापाशी मेथी डोलताना दिसली. मुलानं कपाळाला हात लावला. त्या रात्री जेवायला मेथीचीच भाजी होती, तेव्हा फार बोलताही आलं नाही.

त्यांचा जीव मात्र होता अळवात. शेजारच्या, टोंगा बेटांवरून आलेल्या गृहस्थानं आपल्या परसातले दोन कंद दिले, आणि देताना बजावलं, की इथे थंडीत सकाळी दव गोठतं, भिंतीचा आडोसा नसेल तर हे मरतं. झालं! अळू जगलं तर देश जगला, असं समीकरणच यांनी मांडलं. त्या हिवाळ्यात नणंदेचा रडवेला फोन आला: "वहिनी, आईची गोधडी अळवावर घातलीय!" माझ्या सासूबाईंनी जुन्या नऊवाऱ्या जोडून लेकीच्या रुखवतात दिलेली गोधडी, आणि ती पांघरून अळू सुखानं झोपलेलं. ते जगलं. उन्हाळ्यात पानं सुपाएवढी झाली.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वड्या झाल्या, त्याही शंभर टक्के देशी, म्हणजे त्यांच्या या नव्या देशाच्या. बेसन बाहेरचं म्हणून वाळल्या स्थानिक वाटाण्याचं पीठ. चिंच थायलंडची म्हणून तीही बाद, तिच्याऐवजी अंगणातलं लिंबू, तेही चवीपुरतं. पहिली वडी खाल्ली आणि आम्हा सगळ्यांचे घसे असे काही खवखवले, की ऑकलंडच्या मराठी बायकांत प्रथमच शांतता पसरली. पेनरोजहून आलेली एक डॉक्टरीणबाई नुसत्याच हातवारे करत होती. काकांनी सगळीकडे समाधानानं बघितलं आणि म्हणाले, "खाज घशाला आहे. पोट भरलं ना?"

आणि मग व्हायचं तेच झालं. तेव्हा आपली बरीच माणसं चांगल्या नोकरीसाठी पलीकडे निघाली होती. नणंदेच्या नवऱ्यालाही ब्रिस्बेनला नोकरी लागली. म्हणजे ऑस्ट्रेलियाच! आम्ही हसून घेतलं. पण काका हसले नाहीत. तिकडे ना माती नेऊ देत, ना कंद. घर विकलं गेलं होतं आणि घेणाऱ्यांना अंगणभर लॉन हवं होतं. इतकी वर्षं थंडीतून ओढून काढलेलं अळू आता शनिवारच्या मशीनखाली जाणार होतं.

जायच्या आधीची संक्रांत नणंदेनं घाईतच उरकली. आम्ही निघालो तर दारात काका उभे, हाताला कोपरापर्यंत माती. प्रत्येकीच्या हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कंद ठेवत होते. पुरुषानं वाण लुटलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "वाण परत करायचं नसतं. आणि हे मरूही द्यायचं नसतं." नणंद आतून ती गोधडी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर टाकली. म्हणाली, ही पण घे वहिनी, नाहीतर ते विमानात बसायचे नाहीत.

आता ते ब्रिस्बेनला फ्लॅटमध्ये राहतात, पुन्हा चौथ्याच मजल्यावर. माझं अळू चांगलं फोफावलंय. दर संक्रांतीला त्याची पिल्लं मी वाण म्हणून देते, नव्यानं आलेल्या मुलींना, ज्यांनी काकांना कधी पाहिलेलंही नाही. वड्यांना चिंच मात्र मी घालते, ते काकांना सांगत नाही. जून लागला, म्हणजे इथली थंडी, की अळवावर गोधडी चढते आणि त्यांचा फोन येतो. प्रकृती, मुलंबाळं काही नाही, आधी अळू. परवाच्या फोनवर आवाज फार थकलेला वाटला. मला एकदम त्यांची इतकी आठवण आली, की समोर असते तर वाटाण्याच्या वड्यासुद्धा खाल्ल्या असत्या. उगीच चिडवायचं म्हणून म्हटलं, काका, जहाजं येतायत हो अजून.

ते म्हणाले, "येऊ देत बिचारी. तू गोधडी काढू नकोस."