घागरभर जुनं पाणी

चैत्र वद्य पंचमी. दफ्तराच्या हिशेबात खुर्दाद महिना, फसली तेराशे तीस. हजर : मी, बीडच्या कचेरीत कारकून. आबा, म्हणजे आमचे वडील, सत्तरीच्या पुढचे. गोदाक्का, माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. तिचे मालक. गाडीवान. गैरहजर : आई, चार वर्षांमागं गेलेली.

त्या दिवसाची ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत अजून आहे. खाली गाडीत चढवलेल्या सामानाची यादी, एकवीस नग, प्रत्येकापुढं खूण. बाविसावा नग आबांनी ऐनवेळी आणला. बारवेच्या पाण्यानं भरलेली मातीची घागर, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं.

"एवढी घे."

"आबा, बीडच्या घरात आपला आड आहे. हे वाटेत हिंदकळून अंथरूण भिजेल."

"प्यायाला न्हाई रं."

"मग कशाला?"

ते फडक्याची गाठ आवळत राहिले. मला ऊन चढायच्या आत निघायचं होतं. मी पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं, रिकामी घागर कडब्यात खोवली आणि यादीत लिहिलं, बावीस. गोदाक्का, तू तेव्हा तोंडाला पदर लावून पाठ फिरवलीस. मला वाटलं, बाप चालला म्हणून रडतेस.

हे तुला कोणी तरी वाचून दाखवील. माझ्यासारखी जी माणसं माजलगावच्या बाजूनं बीडला येऊन राहिली, त्यांच्यासाठीही लिहितो आहे. त्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या गावची पायऱ्यांची बारव तीन पिढ्या आमच्या घराकडं होती. पाचोळा काढायचा, निखळलेला दगड बसवायचा, पाण्यातले किडे खायला बोटभर चंदेरी मासे सोडायचे. रोज सकाळी आबा उघड्या पायऱ्या मोजत आणि पारावर येऊन सांगत, "आज एकोणतीस." त्यावर गाव पेरणीचं, जनावरांचं, लग्नाचं ठरवी. त्या माघात ते शेवाळावरून घसरले आणि कोणी येईपर्यंत तिथंच पडून राहिले. म्हणून मी त्यांना न्यायला आलो.

गोदाक्का म्हणाली होती, "माज्याकडं ऱ्हाऊ दे की. बारव हाकेवर हाय."

मी म्हणालो, "पोरगा कचेरीत आणि बाप जावयाच्या दारात? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

आबांनी दोघांकडं पाहिलं आणि पागोटं डोक्यावर ठेवलं. ते माझ्या शब्दाबाहेर गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच जायला हवं होतं.

बीडात मी त्यांची दिनचर्या लिहून दिली. सकाळी देवळापर्यंत फेरी, दुपारी आराम, संध्याकाळी बिंदुसरा नदीच्या काठानं. ते ओट्यावर बसून राहत. माजलगावकडची गाडी दिसली की उठून विचारत, "आमच्या बारवेच्या किती उघड्या?" गाडीवाले एकमेकांना डोळा घालत. "म्हातारबा पायऱ्या मोजतंय बे!" भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. त्यांच्या मनगटातलं चांदीचं कडं ज्येष्ठात कोपरापर्यंत सरकू लागलं. ते पाहून मी घाबरलो. माणूस जागेवरच संपत चालला होता आणि माझ्या यादीत त्यावर काही उपाय नव्हता.

एका अंमलदाराच्या बंगल्यावर मी काचेची पेटी पाहिली होती. आत वाळू, हिरवं पाणगवत आणि त्यातून फिरणारे मासे. मनात आलं, बारव आणता येत नाही, पण तिचा एक तुकडा ओट्यावर मांडता येईल. आबांना राखायला काही तरी होईल. लगेच यादी केली : काचा पाच. पत्र्याची चौकट. वाळू. गवत. मासे बारा.

चौकट गल्लीतल्या हुसेनभाईंनी केली. त्यांचा धंदा कंदिलांचा. काचांच्या फटी जवसाचं तेल आणि खडूची भुकटी कालवून बुजवल्या आणि म्हणाले, "मछलीयां कू शीशमहल बनारे क्या मुनशीजी? हमना तो छप्पर बी गळता!"

आबा हसतील म्हणून मी वळून पाहिलं. ते बिंदुसरेकडं पाहत होते.

मी काम चोख केलं. वाळू सात पाण्यांनी धुतली. पाणगवत कपिलधारच्या डोहातून आणलं आणि मुळांना मातीचा कण राहू दिला नाही. आडाचं ताजं पाणी फडक्यातून गाळून भरलं आणि त्याच दुपारी मासे सोडले. पेटी आरशासारखी लखलखत होती. आबांनी बोट बुडवून वास घेतला.

"पानी कच्चं हाय."

"आत्ताच शेंदलंय आबा, ताजं."

"त्येच म्हनतो मी. अजून कुनी ऱ्हायलंच न्हाई त्यात. पंधरा दिस मुरू दे."

माझ्याकडं पंधरा दिवस नव्हते. शिवाय आमच्या घरात रात्र उलटलेलं पाणी शिळं. मंडळी, म्हणजे माझी बायको, रोज पहाटे सगळी भांडी रिकामी करून, घासून, नव्यानं भरते. पेटीही मी त्याच नियमात घातली. तिसऱ्या दिवशी चार मासे उलटे तरंगले, पाचव्या दिवशी एकही उरला नाही. मी नवे आणले. या वेळी वाळू उकळून घेतली. तेही गेले. तिसऱ्या खेपेला गवताची पानं काचेसारखी पांढरी होऊन गळू लागली. आबा मेलेले मासे पळसाच्या पानावर गोळा करून परसात पुरून येत. त्या दिवशी माती झटकत समोर उभे राहिले.

"कावून मारतोस रं त्यांना? लई सोवळं हाय तुजं पानी."

"स्वच्छ ठेवू नको तर काय करू?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आजाच्या वेळी बारव तळापर्यंत उपसून नवी बांधली होती. सोडलेले सगळे मासे मेले. तेव्हा आजानं सिंदफणा नदीच्या डोहातून घागरभर पाणी आणि पाटीभर गाळ आणून ओतला, आणि मासे टिकले. "जुन्या पान्यात काय तरी आसतं, डोळ्याला दिसत न्हाई. नव्याला त्येचं विरजन लागतं. म्हनून तर घागर घेतलती. तुज्या आडात वतनार व्हतो."

मी लिंबाच्या बुडाशी काय ओतलं होतं, ते तेव्हा कळलं. म्हातारा बीडात राहायच्या तयारीनं निघाला होता.

मी म्हणालो, "आषाढात कचेरीतून चार दिवसांची रुखसत घेतो आणि स्वतः जाऊन आणतो." त्यांच्यासमोर वहीत लिहिलं, 'घागर, बारवेतून भरून आणणे.'

"लिवलंस न्हवं? मग झालंच म्हनायचं," ते म्हणाले आणि हसले. बीडात आल्यावर पहिल्यांदाच. त्या संध्याकाळी अख्खी भाकरी खाल्ली.

आषाढात वरच्या साहेबांचा मुआयना आला, दफ्तराची तपासणी. श्रावणात कागदांच्या मिसली तुंबल्या. भाद्रपदात नदीला पाणी होतं. दोन दिवसांची गाडीवाट. आबा चार दिवसांआड विचारत, "झाली का रुखसत मंजूर?" एकदा तर घागर घासून ओट्यावर मांडून ठेवलेली दिसली.

शेवटी मी जवळचा उपाय काढला. बिंदुसरेच्या डोहातून पाणी आणलं, वाळूखाली मूठभर गाळ पसरला, गवत लावलं आणि पंधरा दिवस पेटीला हात लावला नाही. मग मासे सोडले. पाणी बदलणं बंद, उडेल तेवढंच वर घालायचं. मासे जगले. गवताला नवा कोंभ आला. मी आबांना हाताला धरून पेटीपाशी नेलं.

"बघा, जगले! आता बारवेच्या पाण्याची गरजच नाही."

ते वाकून कोंभ पाहत म्हणाले, "ह्ये हितलंच पानी, हितलेच मासे. ह्येंचं काय बिघडलतं?"

त्यानंतर त्यांनी रुखसतीचं विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं. घागर उचलून मी शिंक्यात ठेवली. आश्विनात आबा गेले. आजार असा कोणताच नव्हता.

दहाव्याला गोदाक्का आली. रडली नाही. मला परसात बोलावून म्हणाली, "दर बाजाराला मानूस येत व्हता तुज्या कचेरीत. किती पायऱ्या उघड्या, त्येचा निरोप धाडीत व्हते मी. आबाला सांगत व्हतास का?"

निरोप येत होते. एकतीस, तेहतीस, मग पाणी चढल्यावर बावीस. मी ऐकून घेत असे. आबांना कळलं तर जीव आणखी तिकडं ओढेल, असा हिशेब करून घरी येताना तोंड बंद ठेवत असे. ते ओट्यावरून परक्या गाडीवानांना विचारत आणि उत्तर आतल्या खोलीत माझ्याजवळ असे.

"एवढं सुदिक न्हाई?" गोदाक्का म्हणाली. जेवायला थांबली नाही. तिचे निरोपही तिथंच संपले.

याला अकरा वर्षं झाली. पेटी अजून आहे, गच्च हिरवी. बदलून आलेले अंमलदार पाहायला येतात, कसं जमवलं विचारतात. मी मुद्द्यांनी सांगतो : आधी जुनं पाणी, मग गवत, मग थांबणं, मासे सगळ्यांत शेवटी. वाळू फार धुवू नका. ते माझं कौतुक करतात. कोणी विचारलं, घर कुठलं, तर सवयीनं गावाचं नाव तोंडात येतं. पण घर असलेल्या माणसाला आपल्या बारवेच्या आज किती पायऱ्या उघड्या आहेत ते सांगता येतं. मला येत नाही.

घागर शिंक्यात आहे, तोंडाशी जरा टवका उडालेला. दर वर्षी वही नवी करताना राहिलेली कामं पुढच्या वहीत उतरवून घेतो. यंदा राहिलेलं काम एकच निघालं. तेच पहिल्या पानावर लिहिलं आहे : घागर, बारवेतून भरून आणणे. पुढं खूण नाही.