झाडावरचं शेवटचं पर्सिमन

होशिनो-सान एकदम थांबल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. पायवाटेवर विष्ठेचा ढीग होता, ताजा, आणि त्यात चपट्या तपकिरी बिया. म्हणजे अस्वल जवळपासच कुठेतरी होतं.

माझी पाचावर धारण बसली. भीमाशंकरला शेकरू दिसलं तरी धन्य होणारी बाई मी, अस्वलाशी माझा काय संबंध! पण ऐंशी ओलांडलेल्या बाईंसमोर तसं दाखवायची सोय नव्हती. मी कमरेची घंटा जोरजोरात हलवली. माणसाची चाहूल आधी लागली तर अस्वल सहसा बाजूला होतं, म्हणून या डोंगरात सगळे घंटा बांधून फिरतात.

मी पुण्याची, बॉटनीवाली. नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे टोकियोत निशी-कसाईला आले आणि आता एका छोट्या लँड ट्रस्टमध्ये नोकरी करते. आमचं काम असं: टोकियोच्या पश्चिमेला डोंगरात लोकांच्या खासगी मालकीची जंगलं आहेत. मालकी त्यांचीच राहते. करार असेतो झाडं तोडणार नाही, जमीन विकणार नाही, एवढं ते कबूल करतात. बदल्यात झुडपं काढणं, माजलेला बांबू छाटणं आमच्याकडे. वर्षातून एकदा मालकाबरोबर सगळी जमीन चालून बघायची, याला मॉनिटरिंग म्हणतात. मुदत संपली की करार रिन्यू करायचा. मालक नको म्हणाला तर संपलं.

या जंगलाच्या मालकीण होशिनो-सान यंदा नको म्हणायच्या बेतात होत्या. गावात अस्वलं दिसत होती आणि ती तुमच्याच जंगलातून येतात, असं शेजारी त्यांना ऐकवत होते. सगळं साफ करून पॅनल लावायला एक सोलर कंपनी टपून बसली होती. बाई घरात एकट्या. दार नुसतं वाजलं तरी रात्रभर डोळा लागत नाही, असं त्या चालताना म्हणाल्या.

आम्ही मागे फिरलो. झाडी संपली, त्यांचं परसदार दिसलं आणि माझे पाय जागीच थिजले. अस्वल तिथे होतं. मागच्या दाराला लागून पर्सिमनचं झाड आहे, टोमॅटोसारखी दिसणारी केशरी, गोड फळं. झाड फळांनी लगडलेलं, आणि अस्वल फांदीवर बसून निवांत खात होतं.

कडेला अवजारांची शेड होती. पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे टाकत आम्ही आत शिरलो आणि दार ओढून घेतलं. मी कुजबुजत बॉसला, ओकादा-सानना, फोन लावला. ते म्हणाले, हलू नका, मी माणसं पाठवतो. बाहेर फांद्या मोडल्याचे आवाज येत होते. माझ्या कमरेची घंटा वाजू नये म्हणून होशिनो-साननी ती मुठीत आवळून धरली होती.

मग आवाज थांबले. ते जास्त वाईट होतं. शेडच्या फळ्यांपलीकडून जड श्वास सरकत गेला. मी देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर एकही आठवेना. बऱ्याच वेळाने पाचोळा वाजला, लांब लांब जात.

होशिनो-सान फटीतून बघत होत्या. "तुम्ही राखता त्या जंगलातच गेलं," त्या म्हणाल्या.

आता बोलणं भाग होतं. बाई दुखावल्या तर करार गेला आणि जंगलही.

"राहतं ते जंगलात. पण आलं होतं तुमच्या झाडासाठी," मी म्हटलं. "जंगल तोडलंत तरी येईल."

मग त्या झाडाबद्दल सांगू लागल्या. झाड त्यांच्या नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं. दर शरदात ते फळं उतरवायचे आणि शेंड्यावर एकच ठेवायचे. झाडाचं झाडाला ठेवलं की पुढच्या वर्षी ते भरभरून देतं, अशी इथली जुनी रीत. नवरा गेल्यावर वर चढायला कोणी उरलं नाही.

माणसं आली तेव्हा आम्ही शेडबाहेर पडलो. ओकादा-सान म्हणाले, झाडच तोडा. मी भांडले. शेवटी ठरलं, सगळी फळं उतरवायची. रविवारी आमचे व्हॉलंटियर आले, निशी-कसाईची चार मराठी कुटुंबंही मी ओढून आणली. अस्वल म्हटल्यावर एका भाऊजींना नेमकी रविवारचीच मीटिंग निघाली, ते सोडा. लांब काठ्यांनी दुपारपर्यंत झाड रिकामं झालं. शेंड्यावर एक राहिलं.

"ते राहू द्या," होशिनो-सान म्हणाल्या.

ओकादा-सान कमरेत वाकले आणि म्हणाले, "माफ करा. एकही नको."

बाईंनी वर बघितलं. मग म्हणाल्या, उतरवा.

त्यांनी ते फळ दोन्ही हातांत घेतलं आणि आत नेऊन नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवलं. "इथवर अस्वल येत नाही," त्या फोटोला म्हणाल्या. मग इथे सहीऐवजी वापरतात तो आपला शिक्का काढला आणि करारावर उठवला.

जंगल वाचवायचं तर आधी परसदार बघावं, एवढं मी शिकले. मॉनिटरिंग आता तिथूनच सुरू करते. घंटा मात्र घरातूनच बांधून निघते. ट्रेनमध्ये लोक वळून बघतात. बघू देत.