लाकेटातलं वाघनख

आमच्याकडे लाकेट म्हणजे वाघनख. अहेरीच्या बाजारात चांदीत मढवलेलं नख गळ्यात घालून कुणी हिंडताना दिसला, की लोक कोपर मारायचे, "पाह्य, लाकेटवाला आला!" उघडझाप होणाऱ्या डबीलाही लाकेटच म्हणतात, हे आख्ख्या गावात फक्त माझ्या मायला ठाऊक. तिच्या गळ्यात तसं एक होतं, चिंचोक्याएवढं. ती ते कधी उघडायची नाही. विचारलं तर म्हणायची, "काई नाई त्याच्यात."

काही नाही म्हटल्यावर माझ्यासारख्याला रान मोकळं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दोन लेकरांचा बाप, पण फेकण्यात तालुक्यात पहिला. एका बाजाराला चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, मायच्या लाकेटात वाघनख आहे. माझ्या बापानं धानाच्या बांधीत वाघाच्या कानाखाली वाजवली, वाघ शरमून पळाला आणि घाईत नख विसरून गेला.

"शेपूट बी ठिवून घ्यायचं होतं ना बे!" लोक हसून लोळले. दर बाजाराला वाघ हातभर वाढत गेला.

वाघ हवेत विरला. नख तेवढं फॉरेस्टच्या कानावर गेलं.

धान वाऱ्यावर उडवायच्या दिवसांत जंगलखात्याचा नाकेदार आमच्या खळ्यावर येऊन उभा राहिला. "बाई, वाघनख ठेवणं गुन्हा हाय. लाकेट दाखवा बरं."

"साहेब, मी फेकलं होतं जी!" मी म्हणालो.

"तू तं आता बी फेकूनच राह्यला."

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ही गत.

मायनं माझ्याकडे पाहिलं आणि झाकण उघडलं. सकाळपासून आम्ही ज्या वाऱ्याची वाट पाहत होतो, तो तेव्हाच सुटला. आतून काहीतरी भुरकं, कोळ्याच्या जाळ्यासारखं उडालं आणि मळलेल्या धानाच्या तणसात गेलं.

"मोठ्याचं जावळ होतं," माय म्हणाली.

माझ्याआधी तिला एक लेकरू झालं होतं, जावळ काढल्यावर महिन्याभरातच गेलं, हे मला तेव्हा कळलं. तिशीच्या घोड्याला.

नाकेदारानं टोपी काढली आणि तोही आमच्यासोबत गुडघ्यांवर बसला. दिवस कलेपर्यंत आम्ही तणीस उपसत होतो. कुसळं सापडली, बकरीचे केस सापडले. शेवटी मी पाठ फिरवून स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटला नि ओरडलो, "माय, सापडला!"

तिनं तो उन्हात धरला. काळा, राठ.

"आता तरी फेकू नोको रे बाबू."

मग तो केस बोटाला गुंडाळून तिनं डबीत ठेवला, झाकण लावलं. "राहू दे. हा बी माह्याच लेकराचा हाय."

लोक अजून ती गोष्ट मागतात. मी सांगतोही, वाघ आता बैलाएवढा झाला आहे. लाकेट मात्र मी त्यातून काढून टाकलं.