पहिल्या पंचवीस टक्क्यांत

सर सांगत होते आणि मी टाईप करत होतो. पत्र माझ्याचबद्दल होतं.

साल त्र्याऐंशी. रविवार, सकाळचे अकरा. नौपाड्यातल्या सरांच्या घराचा व्हरांडा. माझ्यापुढे स्टूल, स्टुलावर त्यांचा टाईपरायटर. सर आत हॉलमध्ये आरामखुर्चीत. मधलं दार उघडं. ते इंग्रजीत एकेक वाक्य सांगायचे.

"हा विद्यार्थी मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला आहे."

टाईप केलं.

"ती पार्श्वभूमी पाहता त्याची प्रगती आश्चर्य वाटावं अशी आहे."

टाईप केलं.

"तो आज्ञाधारक आहे. सांगितलेलं काम बिनचूक करतो. स्वतंत्र विचाराची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये."

इथे बोटं थांबली असं लिहायला मला आवडलं असतं. थांबली नाहीत. माझी इंग्रजी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा झालेली होती. पानभर पत्रात एकही चूक नव्हती.

सरांचा पुतण्या शिरीष माझ्याच वर्गात होता. तो आतून ओरडला, "काका, पोहायला मस्त येतं तेपण घाला. विमान चुकलं तर पोहत जाईल!"

हॉलमधले सगळे हसले. सरांची आठ वर्षांची मुलगी झोपाळ्यावर बसून पाढे म्हणत होती, तीही पाढा सोडून हसली. मीही हसलो. त्यांच्या हसण्याचं आता काही वाटत नाही. माझं हसणं अजून डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. मास्टर्स करायला अमेरिकेला जायचं ठरवलं होतं. त्यासाठीची जीआरई परीक्षा देऊन झाली होती. तीन विद्यापीठांचे फॉर्म मागवले होते. प्रत्येक अर्जाला तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागत. दोघांनी दिली होती. तिसरं विभागप्रमुखांचं हवं, आणि विभागप्रमुख म्हणजे हे सर.

आमच्या कॉलेजात शिफारसपत्राची एक पद्धत होती. मजकूर विद्यार्थ्याने स्वतः लिहायचा, चांगला घसघशीत लिहायचा, टाईप करून न्यायचा. सर नुसती सही करत. त्यांना वाचायला वेळ नसे. त्या वर्षी माझ्याखेरीज वर्गातली नऊ मुलं बाहेर जाणार होती. टायपिंग येणारा मी एकटा. म्हणून सरांनी मला रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. मुलं आपापला मजकूर आणून देत. कुणी स्वतःला हुशार म्हणवून घेतलेलं, कुणी असामान्य. शिरीषने स्वतःच्या 'मूलगामी संशोधक वृत्ती'बद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. सगळं मी टाईप केलं. सरांनी सही केली.

माझी पाळी आली तेव्हा मीही मजकूर लिहून नेला होता. साधा. गुण, क्रमांक, प्रोजेक्टचा विषय. सरांनी कागद घडी करून बाजूला ठेवला.

"तुझं मी सांगतो. तुला स्वतःबद्दल काय लिहायचं ते जमायचं नाही रे."

पत्राबरोबर एक छापील तक्ता असे. हा विद्यार्थी वर्गातल्या पहिल्या किती टक्क्यांत बसतो? समोर चौकटी: एक, पाच, दहा, पंचवीस, पन्नास. एका चौकटीत खूण करायची. आमचा वर्ग अडतीस जणांचा. चारही वर्षं मी पहिला. एक भागिले अडतीस म्हणजे दोन पूर्णांक सहा दशांश टक्के. माझी खूण पाचच्या चौकटीत पडायला हवी होती. शिरीष चौदावा. चौदा भागिले अडतीस म्हणजे जवळजवळ सदतीस टक्के. त्याची खूण पाचच्या चौकटीत पडली होती. मी स्वतः पाहिलं होतं.

"पंचवीसवर कर," सर माझ्या तक्त्याबद्दल म्हणाले.

मी केली.

तीन विद्यापीठांना तीन पत्रं. एक झालं. तेवढ्यात आत पानं वाढली. "उरलेली दोन पुढच्या रविवारी," सर म्हणाले, "सह्या एकदमच करतो." मी टाईप केलेलं पत्र बरोबर घेतलं, पुढची दोन त्यावरून करायची म्हणून.

निघताना स्वयंपाकघरातून तळलेल्या पापलेटचा वास आला. ते आमचंच असणार. आई रोज सकाळी टोपली घेऊन नौपाड्यात फिरायची आणि त्या घरी तिचं बारा वर्षांचं गिऱ्हाईक होतं. आईचं पापलेट त्या घरात चुलीपर्यंत जायचं. मी व्हरांड्यात. मला कुणी आत येऊ नको म्हटलं नव्हतं. आत ये असंही कुणी म्हटलं नव्हतं.

कोपरीला घरी आलो. आई दुपारी जाळ्याचं काम घेऊन बसलेली. मला शाळेत घालण्यासाठी तिने वडिलांशी भांडण केलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण कागदाचं तिला फार अप्रूप.

"झाला काय तुजा कागूद? मना वाचून दाखव."

मी टाळलं. तिने पुन्हा म्हटलं. मग मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. गाळलं काही नाही. का गाळलं नाही, ठाऊक नाही. बहुतेक दमलो होतो. नऊ जणांची हुशारी टाईप करून दमलो होतो.

तिने सगळं ऐकलं. हातातलं काम ठेवलं.

"आन ह्ये कोनी लिवलं?"

"सरांनी सांगितलं. मी टाईप केलं."

"म्हंजे तू लिवलंस. सोताच्या हातानं."

एवढंच. ती रडली नाही, सरांना शिव्या दिल्या नाहीत. मग म्हणाली, "उद्याधरनं त्या घरात मावरं देनार नाय." आणि पुन्हा जाळं घेतलं.

मला आयुष्यात पुष्कळ बोलणी खावी लागली. पण आतपर्यंत गेलं ते हेच. सर जे बोलले ते हवेत होतं. कागदावर आणलं ते मी. त्या आठवड्यात मी तो कागद किती वेळा वाचला असेल. दर वेळी वाटायचं, सही झाली की मी अमेरिकेत. गप्प बस. दोन पत्रांचा तर प्रश्न आहे.

पुढच्या रविवारी गेलो. टाईपरायटर स्टुलावर तयार होता. मी बसलो नाही.

"सर, तक्ता चुकलाय. अडतीसमध्ये पहिला म्हणजे पाचच्या चौकटीत. पंचवीसच्या नाही."

"आता तू मला टक्केवारी शिकवणार?"

"आणि स्वतंत्र विचाराचं वाक्य काढा."

सर खुर्चीतून उठून दारात आले. रागावलेले नव्हते. ते मला आवाज न चढवता समजावत होते, आणि तेच जास्त लागलं. "अरे, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. तिथे गेल्यावर झेपलं नाही तर नाव कुणाचं जाईल? माझं. तुमच्यातून इथवर कोण आलंय? तुझ्यासाठी हे पुष्कळ आहे."

"पुष्कळ नको, सर. बरोबर हवं."

"मग दुसऱ्या कुणाकडून घे."

"दुसऱ्या कुणाचं चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"मग बस आणि टाईप कर."

मी टाईप केलं नाही. बिनसहीचं पहिलं पत्र खिशात होतं. दोन कोरे तक्ते स्टुलावर होते, ते उचलले आणि जिना उतरलो. शिरीष वरून म्हणाला, "अरे वेडायस का? सही तरी घे!" तो खरंच मनापासून सांगत होता.

तीनही अर्ज अपुरे राहिले. तीनही ठिकाणांहून तसं कळवणारी छापील पत्रं आली. शिरीष गेला. नऊपैकी सात गेले. मी डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला रंगांच्या एका कारखान्यात लागलो. आधी शिफ्टला, नंतर तिथल्या प्रयोगशाळेत. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज का नाही केला, असं लोक विचारतात. वडील अंथरुणाला खिळले, बहिणीचं लग्न निघालं. खरं कारण एवढंच नाही. कॉलेजचा विभागप्रमुख तोच होता.

आता सत्त्याण्णव चालू आहे. मी प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. माल तपासायचा, शुद्धता किती ते लिहायचं, सही करायची. अठ्ठ्याण्णव टक्के आले तर अठ्ठ्याण्णव. मॅनेजर आठवड्यातून एकदा तरी म्हणतात, "नव्व्याण्णव लिहायला काय जातं तुमचं?" मी लिहीत नाही. म्हणून माझ्यानंतर लागलेले दोघे माझ्यापुढे गेले. घरी बायको बोलत नाही, पण तिला कळतं. मी दमलो आहे. हे तक्रार म्हणून सांगत नाही, आहे तसं सांगतो.

गेल्या महिन्यात सर कारखान्यात आले. पुढे काठी, मागे मुलगी. ही तीच, झोपाळ्यावर पाढे म्हणणारी. आता केमिकलचीच पदवीधर. त्याच्या थोडं आधी मॅनेजरची चिठ्ठी घेऊन ती माझ्या प्रयोगशाळेत शिकायला आली होती. अकरा दिवस. बारावा दिवस आला नाही. तिला अमेरिकेला मास्टर्सला जायचं होतं आणि अनुभवाचं पत्र हवं होतं.

मी दोघांना आत बोलावलं. खुर्च्या दिल्या. चहा मागवला.

"एक वर्ष लिही," सर म्हणाले. "अकरा दिवसांना तिथे कोण विचारतं?"

"अकरा दिवस झाले, सर."

"तुझ्या हातात आहे रे. एक आकडा तर आहे."

मी टाईपरायटर पुढे ओढला आणि स्वतः टाईप केलं. कामाचे दिवस अकरा. काम स्वच्छ. प्रश्न विचारते. नवव्या दिवशी तिने माझ्या आकडेमोडीतली एक चूक दाखवली, ती खरोखर चूक होती. स्वतंत्र विचार करते. हे शेवटचं वाक्य टाईप करताना मात्र बोटं थांबली. मग पुढे गेली, कारण ते खरं होतं.

सरांनी कागद वाचला. बराच वेळ. "अजून राग धरून बसलायस."

"हो."

त्यांनी ते अपेक्षिलं नव्हतं. मी 'नाही' म्हणेन, 'असं काय सर' म्हणेन, असं त्यांना वाटलं असावं. मुलगी खाली बघत होती. "बाबा, चला," ती म्हणाली आणि कागद पर्समध्ये ठेवला. चहा तसाच राहिला.

त्र्याऐंशीचं ते पत्र माझ्या फायलीत आहे. बिनचूक, बिनसहीचं. ते मी फाडणार नाही. त्यातला प्रत्येक शब्द माझ्या बोटांनी उमटवलेला आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. आज हे लिहिलं ते कुणी सांगितलेलं नाही. यापुढे माझ्याबद्दल दुसऱ्याने सांगायचं आणि मी टाईप करायचं, हे होणार नाही. माझ्या सहीखाली चुकीचा आकडा जाणार नाही. ना मला वर ढकलणारा, ना सरांच्या मुलीला खाली ओढणारा, ना तिला वर चढवणारा.

विद्यार्थी अडतीस. माझा क्रमांक पहिला. राग आहे. तो ठेवणार आहे.