ओव्हर कोण घेणार?

इतकी वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवतेय, पण ती सकाळ आठवली की अजूनही माझी कानशिलं तापतात. राग जातच नाही मेला!

तेव्हा मी छावणीजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. डिप्लोमा झाला होता आणि आता डिग्रीच्या कोर्सला निवड झाली होती. अट एकच, ठरल्या दिवशी दुपारच्या आत स्वतः कॉलेजात हजर व्हायचं. नाहीतर जागा दुसरीला. त्या दिवशी वडील पहाटेच करमाडहून येऊन दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. शेतकरी माणूस, पण पोरगी डिग्री करणार म्हणून गावभर सांगून बसले होते.

मेट्रन बाईंना हे पहिल्यापासून खुपत होतं. "डिग्री घेऊन काय करणार गं? पेशंटला सोन्याचा बेडपॅन देणार का?" सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. डॉक्टरानं पुढं शिकलं तर पेढे, नर्सनं शिकायचं म्हटलं की शिंगं फुटली!

आमच्यात रीत अशी की नाइट संपली म्हणून नर्स उठून जात नाही. पुढची सिस्टर येते, तिला खाटेखाटेपाशी नेऊन पेशंटची हकीकत सांगायची, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या हातात द्यायच्या, मगच सुटका. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. रीत बरोबरच आहे. सलाईन चालू असलेला माणूस वाऱ्यावर कसा सोडणार?

त्या दिवशी माझी नाइट संपली, पण पुढची सिस्टर आलीच नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मग वॉर्डातल्या मावशी सांगत आल्या, "तिला मेट्रन बाईंनी स्पेशल रूममधी बसवलंय, कुण्या पुढाऱ्याच्या सासूजवळ." सासूला झालं होतं पडसं! मला अडकवायचा डाव होता, दुसरं काय?

पहिल्या खाटेवर अजिंठ्याची एक म्हातारी होती. तिला सगळं ऐकू आलं. "जा माय तू," ती म्हणाली. "मी नाय मरत एवढ्यात." मला रडूच फुटलं. पण जाणार कशी?

दहाच्या सुमाराला मोठे डॉक्टर राउंडला आले, मागोमाग मेट्रन बाई. मी डोळे पुसले आणि बाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, ओव्हर घ्या."

"मी? डोकं फिरलंय का तुझं? मी मेट्रन आहे!"

"म्हणजे नर्सच ना?"

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "घ्या की बाई, त्यात काय एवढं?" मग कसलं नाही म्हणता येतंय! मी बाईंना खाटेखाटेपाशी नेलं, खणखणीत आवाजात एकेकीची हकीकत सांगितली आणि शेवटी किल्ल्या पुढं केल्या.

किल्ल्या घेताना त्या हळूच म्हणाल्या, "मला सोडलं होतं का कुणी शिकायला?"

"मग तुम्हाला तर कळायला पाहिजे होतं!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

किल्ल्या मुठीत धरून बाई म्हातारीची सलाईन बघायला गेल्या. मी युनिफॉर्मवरच फाटकाकडं धावले. वडिलांचं तोंड एवढंसं झालेलं.

"गेली का गं जागा?"

"जाती कशी? रिक्षा थांबवा आधी!"