पाव्हण्यांनी वाचलेला निबंध

बारावी झाली की आमच्या लोहाऱ्याची आणि आसपासच्या गावांची हुशार पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. पुण्या-बंगळुरूकडची काही खाजगी विद्यापीठं हुशार पोरांची फी माफ करतात, पण आधी स्वतःविषयी इंग्रजीत निबंध लिहून मागतात. मग पोरांना मी आठवते. एरवी रस्त्यात दिसले तर बघून न बघितल्यासारखं करतात.

सगळे त्र्याण्णवचा भूकंप लिहितात. भूकंप झाला तेव्हा यांचे आईबाप अर्ध्या चड्डीत होते, पण निबंधात ही पोरं स्वतः ढिगारे उपसतात. कुठल्याशा क्लासवाल्यानं सांगितलंय म्हणे, वाचणाऱ्याला रडू आलं की सीट पक्की. सास्तूरच्या एका मुलीनंही तेच आणलं. मी कागद फाडून तिच्या हातात दिला. "मेलेल्यांच्या जिवावर ॲडमिशन घेतेस होय गं? तू काय केलंस ते लिही." ती रडली. मी रडू दिलं.

पुढच्या खेपेला आणलं ते मात्र अस्सल होतं. ती अकरावीत असताना आईचा पाय मोडला आणि घरादाराचा स्वयंपाक, म्हशी, धुणंभांडी सगळं तिच्यावर पडलं. पुस्तक धरायला हात मोकळा नाही, म्हणून ती भौतिकशास्त्राचे धडे स्वतःच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि भाकऱ्या थापताना ऐकायची. बापाला ती उमरग्यात शिकायला हवी होती, घरून ये-जा करून. तिला पुणंच हवं होतं, कारण तिथं पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम करू देतात. मीही पुण्याचाच हट्ट धरला.

तिची निवड झाली. फी माफ, राहणं-खाणं माफ. बापाला एवढं भरून आलं की त्यानं निबंध मराठीत करून घेतला आणि सोयऱ्याधायऱ्यांना मोबाइलवर पाठवला. आमच्याकडं लग्नाच्या वयाच्या पोरीचं कौतुक पाव्हण्यांत गेलं, की पोरगी उजवायची आहे असाच त्याचा अर्थ घेतात. हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. लगेच स्थळ आलं. मुलगा बिदरला नोकरीला, घर मोठं. मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती; कायद्यातलं तेवढं कलम सगळ्यांना पाठ असतं.

बघायला आले त्या दिवशी बापानं मलाही बोलावून नेलं. निबंधातलं सगळं मॅडमनंच रचलं असेल, अशी पाव्हण्यांना शंका होती. "तुमीच सांगा की मॅडम, खरं हाय म्हणून."

मुलाची आई हातात चहाची बशी धरून म्हणाली, "आमच्यात माणसं लई हायेत, म्हणून इचारलं."

मुलगी आतल्या दाराशी उभी होती. माझ्याकडं बघून तिनं मान जराशी हलवली. नाही म्हणा.

"सगळं मी रचलंय," मी म्हणाले. "ही काडीचं काम करत नाही. एक नंबरची आळशी आहे."

बापाचं तोंड उतरलं. पाव्हणीनं बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडं बघितलं. मंडळी उठायच्याच बेतात होती, तेवढ्यात मुलीची आई लंगडत बाहेर आली.

"खोटं कशाला बोलता मॅडम? म्या हातरुणाला खिळले व्हते. माझ्या लेकरानं एक दिस भाकर चुकवली न्हाय. मला न्हाऊमाखू घातलं तिनं."

बोलताना ती रडत होती. लेकीवर आलेला आळ तिला सोसला नव्हता. मला त्या बाईचा भयंकर संताप आला. मुलीनं डोळे मिटून घेतले.

पाव्हणी हसली. सुपारी त्याच बैठकीत फुटली. बाप लेकीला म्हणाला, "त्या कॉलेजाला आत्ताच कळवून टाक, मागनं कटकट नको."

तिनं सगळ्यांसमोर मोबाइलवर कॉलेजचा फॉर्म उघडला. प्रवेश का नाकारता, त्याचं कारण लिहा, असं त्यात आलं.

"काय लिहू, मॅडम?"

मी तोंड उघडायच्या आत बाप म्हणाला, "लिही की, यापरीस चांगलं मिळालं."

तिनं तेच इंग्रजीत लिहिलं आणि पाठवण्याआधी तपासायला माझ्यापुढं धरलं. एकही चूक नव्हती.